दोन रात्रींसाठी दार

"वर. अजून वर. अगं, डावीकडं. तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडं!"

स्टुलावर धाकटी उभी होती. तिने पेटती मेणबत्ती त्यांच्या डावीकडे सरकवली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्याशी येताच ज्योत आडवी झाली, फडफडली आणि विझली.

"सापडला!" खाली खुर्चीत बसलेले सासरे म्हणाले. खिसेकापू पकडावा तसा त्यांचा आवाज होता. "भर तिथं. अंगठ्यानं दाब, बोटानं नको. बोटाला जोर नसतो."

तिने हातातल्या गोळ्यातून चिमूटभर पुट्टी घेतली आणि अंगठ्याने फटीत दाबली. सकाळपासून दाबून दाबून अंगठा बधिर झाला होता. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे कुठेही जोर दिला की आपणच खिडकीतून बाहेर जातो की काय असे वाटे. ही दुसरी खिडकी. अजून पुढचे दार बाकी, स्वयंपाकघरातली खिडकी बाकी, धुराडे भिंतीतून जाते तिथली भेग बाकी. दर वर्षी थंडी पडायच्या आत हे काम सासरेच करत. या उन्हाळ्यात ते अंगणात पडले, कमरेचे हाड मोडले, आणि स्टूल तिच्या वाट्याला आले.

या घरात ती धाकटी सून म्हणून आली त्याला सत्तावीस वर्षे झाली. आता तिला बावन्नावे लागले होते. चष्मा आला होता, गुडघे कुरकुरत होते, पण घरात, गल्लीत आणि ती काम करायची त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातसुद्धा ती धाकटीच राहिली. थोरला दीर आणि थोरली जाऊ लांबच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर. धाकटीचा नवरा विजेच्या तारांवर काम करायचा. नऊ वर्षांपूर्वी खांबावरून पडला आणि गेला. मूलबाळ नव्हते. तेव्हापासून या घरात दोनच माणसे, सासरे आणि सून.

घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर एक. खाली पुढच्या खोलीत सासरे, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीतूनच लाकडी जिना वर जायचा, तिच्या खोलीत. नऊ वर्षांत सासरे त्या जिन्याची एक पायरी चढले नव्हते. स्वयंपाकघरात यायचे तरी दाराशी उभे राहून आधी खाकरायचे, ती "या" म्हणाली की मगच आत. आधी तिला याचे हसू यायचे. मग सवय झाली, आणि मग कधीतरी तिला वाटायला लागले की जगात आपल्याला विचारून आत येणारा हा एकच माणूस आहे.

"माझ्या बसमध्ये वाऱ्याला तिकीट नव्हतं," सासरे म्हणाले. हे ते दर वर्षी म्हणायचे. बस डेपोत चौतीस वर्षे त्यांनी खिडक्यांना रबर बसवले होते. "घाटातून बस जायची, बाहेर झाडं आडवी होतायत, आणि आत बाईच्या मांडीवरचं पोर झोपलेलं. ते का? रबर."

"हो बाबा."

"नुसतं हो नको म्हणू. उतर आता. जेवण कर काहीतरी. चेहरा बघ कसा झालाय."

ती उतरली. उतरताना तिला खोकल्याची उबळ आली आणि ती स्टुलाला धरून तशीच वाकून उभी राहिली. खोकला छातीच्या तळातून वर यायचा, बादली विहिरीच्या कडांना आपटत यावी तसा. दिवसभर धुलाईखान्यात वाफ आणि घाम, बाहेर पडले की बोचरी हवा, आणि घरी आले की हे घर. दोन हिवाळ्यांपूर्वी न्यूमोनिया झाला. गेल्या हिवाळ्यात तीन आठवडे ती इस्पितळातच होती, स्वतःच धुतलेल्या चादरीवर. बाकीच्या बायका चेष्टा करायच्या, "धाकटे, डाग राहिला असला तर आता तूच बघ."

"सुंठ टाकून काही घे," सासरे म्हणाले.

"सुंठीवाचून खोकला जाईल या आशेवर आहे," ती म्हणाली.

ते हसले नाहीत.

तिने बटाटे उकडायला ठेवले. स्वयंपाकघरातून तिला त्यांच्या कात्रीचा आवाज येत होता. खळ लावून फटींवर चिकटवायला ते जुन्या कागदांच्या पट्ट्या कापत होते. वर्तमानपत्रे, पिशव्या, औषधांची वेष्टने, वर्षभराची रद्दी त्यांच्या मांडीवर होती. कात्री एका चालीत चालली होती. मध्येच ती थांबली. धाकटीच्या ते लगेच लक्षात आले नाही. आले तेव्हा तिला लपवलेला कागद आठवला. ज्या गठ्ठ्यात कुणी बघणार नाही म्हणून तिने तो कागद सरकवला होता, तोच गठ्ठा आज सकाळी तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या मांडीवर ठेवला होता. थकलेल्या माणसाचे असे होते. लपवतो तोच, आणून देतो तोच.

ती बटाटे घेऊन बाहेर आली. कात्री पुन्हा सुरू झाली होती. दोघांनी जेवण केले. मीठ जास्त झाले होते. शेवटचा घास झाल्यावर सासऱ्यांनी बाजूच्या खाटेवरच्या उशीखालून चौघडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"हा पट्टीच्या कामाचा नाही," ते म्हणाले. "जाड आहे. चिकटायचा नाही."

तिने कागदाकडे पाहिले नाही. त्यात काय आहे ते तिला पाठ होते. इस्पितळाच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी खोल्या होत्या. एका माणसाला एक खोली, भिंतीतून गरम पाण्याचा नळ फिरवलेला, खिडकीला दुहेरी काच. धुलाईखान्याच्या मुकादमबाईंनी खटपट करून तिचे नाव लावले होते. डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्टच सांगितले होते, त्या घरात अजून एक हिवाळा काढशील तर पुढचा काढायला उरणार नाहीस. आज शनिवार; सोमवारी कागद द्यायचा, की त्याच दिवशी खोलीची किल्ली मिळणार होती.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली.

"सही कर त्याच्यावर. लेखणी देऊ?"

"आणि तुम्ही?"

"थोरल्याकडं जातो. त्याची गॅलरी बंद करून घेतलीय म्हणाला होता."

"मागं गेला होतात तेव्हा आठव्या दिवशी बसमध्ये बसून परत आलात. कुणाला न सांगता."

"तेव्हा पाय होते," सासरे म्हणाले.

धाकटीने ताटे उचलली. मग ताटे खाली ठेवून ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

"सही केलीय मी, बाबा. मागच्या बाजूला आहे. केव्हाच केलीय."

त्यांनी कागद उलटा करून चष्मा वर सरकवला आणि खालच्या कोपऱ्यातली ती वळणदार, शाळकरी सही बराच वेळ पाहिली.

"बरं केलंस," ते म्हणाले.

"मला तुमचा कंटाळा नाही आला." तिचा आवाज चढला. "तसं वाटून घेऊ नका. मला या वाऱ्याचा कंटाळा आलाय. कामावरून येते, चपला काढते, आणि पायाला पहिल्यांदा तोच लागतो. झोपले की मानेत शिरतो. उठून फडकी कोंबते. सकाळी बघावं तर फडकी जमिनीवर पडलेली. किती कोंबायची? आभाळच फाटलंय तिथं ठिगळ कुठं कुठं लावायचं?"

"कुठल्या खोलीत?"

"काय कुठल्या खोलीत?"

"फडकी कुठल्या खोलीत कोंबतेस? खालच्या खिडक्या मी दर वर्षी भरतो. मी झोपतो तिथं पातळ कपडासुद्धा हलत नाही."

तिची नजर जिन्याकडे वर गेली. सासऱ्यांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उभे राहिले.

"मला वर ने," ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टरांनी जिना..."

"डॉक्टरांनी तुलाही सांगितलंय. तू ऐकलंस का? ने म्हणतो ना."

बारा पायऱ्या होत्या. त्यांनी एक तोड काढली. जिन्याकडे पाठ करून ते पायरीवर बसले, आणि बसल्या बसल्याच हातांनी रेटत एकेक पायरी वर सरकू लागले. धाकटी खाली उभी राहून त्यांचे दुखरे पाऊल तळव्यावर धरून उचलत होती. चौथ्या पायरीवर त्यांना धाप लागली. सातव्यावर ते म्हणाले, "डेपोत नवा साहेब आला की आम्ही असेच सरकायचो." दहाव्यावर ते काहीच बोलले नाहीत. वर पोचायला पाव तास लागला.

वरच्या खोलीला दार नव्हते; काठी टेकून उभे राहत ते उंबऱ्याशी खाकरले. धाकटी त्यांच्या मागे, दोन पायऱ्या खाली होती.

"या," ती म्हणाली.

खोलीत एक पलंग, एक खुर्ची, भिंतीतले कपाट. जिन्याशेजारच्या खुंटीवर नवऱ्याचा कामावरचा कोट अजून टांगलेला होता, जाड काळ्या लोकरीचा, पितळी बटणांचा. तो गेला त्या दिवशी ऊन पडले होते, म्हणून कोट न घालताच बाहेर पडला होता. सासऱ्यांनी कोटाकडे एकदा पाहिले आणि ते सरळ खिडकीकडे गेले. मेणबत्ती पेटवावी लागली नाही. काडी ओढली तीच विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मग त्यांनी पुट्टीची पाती मागितली आणि चौकटीच्या खालच्या लाकडात टोचली. पाती लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत गेली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वर आला असता, नवी चौकट करत बसला असता. तेव्हाही तुम्हाला झेपणारं नव्हतं." ती पलंगाची चादर उगाच नीट करत राहिली. "आणि नाहीतर म्हणाला असता, ही खोली सोड. मला सोडायची नव्हती."

सासरे पलंगाच्या कडेवर बसले. पाती त्यांच्या हातातच होती. तिच्यावरचा कुजक्या लाकडाचा भुसा ते बोटाने पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते.

"दर वर्षी पट्ट्या कापायचो आणि जिन्याखाली ठेवायचो," ते म्हणाले. "वरच्या खिडकीला लाव म्हणून सांगायचो. लावल्यास का, म्हणून विचारायचो. तू हो म्हणायचीस. सुनेच्या खोलीत कशाला जायचं म्हणून मी कधी बघितलं नाही. चौतीस वर्षं परक्यांच्या पोरांना वारा लागू दिला नाही मी, आणि घरात..." त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "अदब अदब म्हणून मरायचं माणसानं."

धाकटीने चादर सोडली आणि त्यांच्याकडे पाहिले. सत्तावीस वर्षांत तिने त्यांना रडताना पाहिले नव्हते, आणि आताही ते रडत नव्हते. फक्त पाती पुसत होते.

"ही चौकट आता दुरुस्त होत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात डेपो परत आला. "नवीच पाहिजे. ती मला जमणार नाही आणि तुला येणार नाही. ही खोली बंद करायची. जिन्याच्या तोंडाला खाली दार लावायचं, म्हणजे वरची थंडी वर."

"दार कुठून आणायचं?"

"स्वयंपाकघराचं काढायचं."

"सोमवारी मी कागद देणार आहे, बाबा. दोन रात्रींचा प्रश्न आहे. दोन रात्रींसाठी दार काढायचं?"

"शेवटचा थांबा जवळ आला म्हणून कुणी बसची खिडकी उघडी टाकत नाही," सासरे म्हणाले. "दोन तर दोन. इथं तू आज झोपणार नाहीस."

तिच्यात वाद घालायचे त्राण नव्हते. तिने गादी गुंडाळून जिन्यावरून खाली ढकलली. उशी टाकली, दोन गोधड्या टाकल्या. मग सासऱ्यांना आले तसेच बसत बसत उतरवले. शेवटी ती पुन्हा एकदा एकटीच वर गेली. खोलीतून आणखी काय घ्यावे ते तिला कळेना. कपाट उघडून तिने ते पुन्हा लावून टाकले. येताना खुंटीवरचा कोट काढून हातावर घेतला, एवढेच.

स्वयंपाकघराच्या दाराला तीन बिजागऱ्या होत्या आणि प्रत्येकीत चार स्क्रू गंजून बसलेले. सासरे खुर्ची ओढून शेजारी बसले. पेचकस तिच्या हातात, अक्कल त्यांची. "आधी घट्ट पीळ, मग सैल कर. हट्टी स्क्रूला त्याच्या मनासारखं थोडं वागू द्यावं, मग ऐकतो." ते खरेच निघाले. शेवटची बिजागरी सुटली तेव्हा दाराचे सगळे ओझे तिच्या खांद्यावर आले. ती भिंतीला टेकली, सासऱ्यांनी बसल्या जागेवरून काठीने दुसरी कड तोलून धरली, आणि ते दोघे आणि ते दार, कुणीच न पडता, वीतवीत करत पुढच्या खोलीतून जिन्याशी पोचले.

दार रुंदीला बसले, पण उंचीला चार बोटे तोकडे पडले. वर लागून लावले तर खाली फट, खाली लावले तर वर फट.

"थंडी पडते खाली," सासरे म्हणाले. "पण खालची फट भरायला सोपी. वरच लाव."

वरच्या आणि बाजूच्या कडांना तिने उरलेली रबराची पट्टी ठोकली. त्यावरून खळ लावून कागद. एका खिडकीसाठी ठेवलेले रबर इथे संपले. खाली चार बोटांची फट राहिली आणि तिच्यातून थंडी आधीच जमिनीवर पसरू लागली होती. पोते घालून पाहिले, पातळ. चिंध्या सरकत होत्या. ऊन खिडकीतून निघून गेले होते. धाकटी जमिनीवर बसली होती, हातांना खळ, केसांत भुसा. तिने आजूबाजूला पाहिले, आणि मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या कोटाकडे हात केला.

तिने विचारले नाही. सासरे पुढे वाकले आणि रद्दीच्या ढिगातून कात्री शोधून तिला दिली.

लोकर जाड होती, कात्री बोथट. खांद्याच्या शिवणीवरून बाही उतरवायला बराच वेळ लागला. एका टोकाला तिने दोऱ्याने बांधले, आत चिंध्या आणि कापलेल्या कागदाचे तुकडे ठासून भरले. गच्च भरल्यावर बाही दंडासारखी दिसू लागली, तेव्हा ती क्षणभर थांबली.

"दुसरी पण काढ," सासरे म्हणाले. "एकीनं पुरणार नाही. त्याचे हात काही तेवढे लांब नव्हते."

तेव्हा दोघेही हसले. हसता हसता धाकटीने डोळे पुसले आणि खळ गालाला लागली. दोन्ही बाह्या तिने दाराखाली टोकाला टोक लावून बसवल्या. उरलेला बिनबाह्यांचा कोट सासऱ्यांनी मागून घेतला आणि अंगात घातला. "बसमधल्या कंडक्टरासारखा दिसतो का मी?" त्यांनी विचारले. "दिसता," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या मोकळ्या चौकटीत तिने जुनी चादर टांगली. अलीकडे सासऱ्यांची खाट, पलीकडे शेगडीशेजारी तिची गादी. मध्ये कापड तेवढे. शेगडीची ऊब चादरीखालून हळूहळू पुढच्या खोलीत यायला लागली. दोघांनी चहा घेतला आणि अंधार पडता पडताच ती आडवी झाली, हात न धुता.

जाग आली तेव्हा चांगले उजाडले होते. तिला आधी कळलेच नाही की आपण कुठे आहोत. मग कळले, आणि मग हेही कळले की आपण रात्री एकदाही उठलो नाही. खोकलासुद्धा आला नव्हता, किंवा आला असला तर तो झोपेतच येऊन गेला होता. अंग जड होते, पण ते आजाराचे जडपण नव्हते. घरात आवाज नव्हता. शेगडी विझलेली. रोज पाच वाजता उठून काठी ठकठक वाजवत फिरणारे, चहासाठी जीव टाकणारे सासरे, त्यांचाही आवाज नव्हता. ती उठली आणि तिने चादर बाजूला केली.

सासरे खाटेच्या कडेवर बसले होते. अंगात बिनबाह्यांचा कोट, पाय जमिनीवर, काठी दोन्ही हातांनी मांडीवर आडवी धरलेली.

"उठलीस?" ते म्हणाले.

"तुम्ही केव्हाचे बसलाय?"

"आताच." मग म्हणाले, "पाचापासून. काठीला खाली लोखंड आहे, फरशीवर वाजते. मध्ये दार नाही आता."

धाकटी चौकटीला टेकून उभी राहिली.

"उद्या मुकादमबाईंना सांगते," ती म्हणाली. "खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून."

"वेडी आहेस का? एका झोपेवर घर ठरवू नये."

"मग किती झोपांवर ठरवायचं? नऊ वर्षांत ही पहिली आहे."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते काही समजले नाही. पण मग त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि हात पुढे केला.

"ते बघू. आधी मला जरा उठव," ते म्हणाले. "पाय केव्हाचा आखडलाय."